कलम सात, पोटकलम तीन

"परवलीच्या शब्दात खास चिन्हं असतील तर"

आणि पुढे पान कोरं.
पूर्णविराम नाही, साधा स्वल्पविरामही नाही.
"तर" लिहून अव्तान्दिल चहाला उठला असावा
आणि तिथून थेट पोलंडला गेला, ट्रक चालवायला.

रात्रीचे दोन चाळीस. कुताइसीच्या पंपघरात
मी आणि एक हीटर, ज्याची एकच कांडी तापते.
संध्याकाळी यंत्रणा नवी झाली.
जुनी जे चालवून घ्यायची, ते नवीला चालत नाही.
पडद्यावर एकच ओळ: प्रवेश नाकारला.
मी पुन्हा विचारते, ती पुन्हा तेच सांगते,
खिडकीतल्या कारकुनासारखी, मान वर न करता.

चारला पाणी सुटलं पाहिजे.
टेकडीवरच्या शुशानाची भट्टी तेव्हाच पेटते,
आणि नळ नुसता खोकला
की तिला फोन करायला माझाच नंबर सापडतो.

सगळे म्हणतात, आधी माहितीपुस्तिका वाच.
वाचली.
बोधचिन्ह कुठे लावावं यावर चार पानं आहेत,
निळ्या रंगाच्या मान्य छटा आहेत,
संचालकांचा संदेश आहे, फोटोसकट.
घोडं जिथे अडतं
तेवढीच एक पायरी जिन्याला नाही.

शेवटी फोन लावला.
लुब्लिनच्या अलीकडे कुठेतरी होता तो,
मागे सतरा टन सफरचंदं.

"अव्तान्दिल, तर काय?"
"कसलं तर?"
"सात-तीनमधलं."
गाडी बाजूला घेतल्याचा आवाज आला.
"वीज गेली असेल तेव्हा. किंवा पगार थकला असेल.
पासवर्ड काय आहे तो? वाच बरं."

मी वाचला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं:
म्झिया, हॅश, चाळीस लारी देणं.

म्हणजे सहा वर्षं हे शहर
माझ्या उधारीवर पाणी पीत होतं.

तो हसला नाही, हे मला आवडलं.
म्हणाला, "हॅशच्या पुढचं यंत्र वाचत नाही.
त्याला वाटतं ती टीप आहे,
माणसानं माणसासाठी खरडलेली.
तुझं नाव तेवढं उचलतं, देणं सोडून देतं.
जुनीला एवढी अक्कल नव्हती.
सगळं अवतरणात घाल."

"एकेरी की दुहेरी?"

"त्यात एक मेख आहे. समजा"

बोगदा आला. किंवा रेंज गेली.
किंवा त्याचा स्वभाव.

एकेरी: नाकारला.
दुहेरी:
बराच वेळ काहीच नाही,
हीटरची कांडी तेवढी तडतडत राहिली,
मग जमिनीखाली कोणीतरी घसा साफ केला
आणि रिओनीचं पाणी टेकडी चढू लागलं.

मी ते वाक्य मांडीवर घेतलं.
"तर" पुढे लिहिलं: सगळा शब्द दुहेरी अवतरणात घालावा.
एकेरी का चालत नाही ते मला माहीत नाही.
तेही लिहिलं.
पुढच्याला निदान
माझं अज्ञान तरी पुरतं मिळावं.

सव्वाचार झाले. शुशानाचा फोन नाही.
पासवर्ड बदलायचा नियम आहे, उद्या बदलेन.
आज फाइलच्या तळाशी,
यंत्राची नजर जिथे थांबते त्याच्या पलीकडे,
एक ओळ घालून ठेवली:

# चाळीस लक्षात आहेत. घ्यायला ये.