चंद्रोदय ९.१

रात्रपाळी संपवून बाहेर आले
तर चष्म्यावर वाफ धरली.
सकाळचे साडेसात, आणि सोहारची हवा
मोदकपात्राचं झाकण नुकतंच उचलल्यासारखी.
पार्किंगमध्ये बटण दाबलं.
गाडीनं ओळखच दिली नाही.

पुन्हा दाबलं. जवळ जाऊन दाबलं.
किल्ली हनुवटीला टेकवून दाबलं,
असं केलं की लांबवर पोचतं म्हणतात,
पण मी तर बोनेटला खेटून उभी होते.
थापा वॉचमन बघत होता.
मग तोच आला, म्हणाला, पोटात पातं असतं हिच्या.
आणि खरंच होतं, करंगळीएवढं,
चार वर्षांत कधी उजेड न पाहिलेलं.

दार उघडलं तशी गाडी बोंबलायला लागली.
अपघात विभागाबाहेरचे नातेवाईक उठून उभे राहिले.
मी घरात शिरलेल्या चोरासारखी
मेलेली किल्ली स्टार्टच्या बटणावर दाबून धरली,
तेव्हा कुठं तिला माझा वास आला.

घड्याळवाला शफीक म्हणाला,
बॅटरी पाचशे बैसा, घालायचे दोनशे.
म्हटलं, बाबा, रात्रभर मी
दिसत नसलेल्या शिरा शोधते,
हे दोनशे मला राहू दे.

ओट्यावर फडकं पसरलं.
नेलकटरचं टोक फटीत घालून पिळलं,
चिंचोका फुटावा तसा कट् आवाज,
दोन शिंपा दोन्हीकडे.
मध्ये चार आण्याएवढी बॅटरी,
आणि तिच्याखाली
घडी घालून घालून नखाएवढा केलेला कागद.

गाडी आधी मोकलांची. लॅबमधले मोकल,
थळचे, बोलताना नळीकडे बघणारे.
व्हिसा वाढला नाही तेव्हा चार दिवसांत
फ्रिज, गाद्या, कुंडीतला कढीपत्ता, सगळं काढलं.
किल्ली एकच दिली.
दुसरी सामानात कुठंतरी गेली, म्हणाले,
सापडली की धाडतो.

घडी उलगडली.
एका बाजूला लाल अक्षरांत: संकष्ट च
खाली बारीक: चंद्रोदय ९.१
पुढचा आकडा कात्रीनं नेलेला.
मागच्या बाजूला कुणाच्या तरी पाककृतीचा शेवट:
वीनुसार मीठ घालून लगेच वाढा.

कागद बाजूला ठेवला, नवी बॅटरी बसवली,
अधिकची खूण नीट बघून.
दिवा लागेना. हलवली तर आत खुळखुळ.
पत्र्याची जीभ सैल झाली होती केव्हाचीच,
आणि मोकलांनी ती कधीतरी
असल्याच एखाद्या रविवारी, असल्याच ओट्यावर
चतुर्थीचं टेकू देऊन सावरली होती.
त्याच घड्यांवर घड्या घातल्या.
कागदाला सगळं पाठ होतं.

तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बटण दाबलं.
खाली धुळीत
गाडीनं दोन्ही डोळे मिचकावले.

मोकलांना लिहिलं:
चंद्रोदय नऊ वाजून किती मिनिटांनी होता?

दोन दिवसांनी उत्तर आलं.
कोणती चतुर्थी? एसीचा आवाज थांबला का?
टायर बदला, उन्हाळ्यात फाटतात.
आणि मग, वेगळ्या ओळीत:
दुसरी किल्ली सापडली बरं का.
छत्र्यांच्या खुंटीला लावून ठेवली आहे.
येता-जाता दाबतो कधीकधी.

वापर नसेल तर बॅटरी काढून ठेवा,
नाहीतर आत पाणी सोडते,
एवढं लिहून झालं होतं.
पाठवलं नाही.