ओरखडा

माझगावात केरसीच्या खोलीवर, महिन्याचा दुसरा शनिवार.
खाली गोदीचे भोंगे, वर आम्ही चौघं
आणि अठ्ठ्याहत्तरची ती तबकडी,
धुरीनं चोरबाजारातून सात रुपयांत आणलेली.

दुसऱ्या कडव्यात सुई अडखळते,
एका शब्दाचं तोंड गिळते,
शेपूट तेवढं ठेवते: ज.
त्यावर बावीस वर्षं काढली आम्ही.
धुरी म्हणायचा, ‘सांज’.
मी म्हणायचे, ‘साज’, त्या सुरावर अनुस्वार बसतोच कुठे?
फॉस्टिन म्हणायचा, शब्द सोडा हो,
मागचा चेलो ऐका.

परवा केरसीची भाची आली.
तिच्या फोनात तेच गाणं, धुऊनपुसून लख्ख.
‘लावू?’
कुणी हो म्हणालं नाही. नाहीही.

‘आज’.
नुसतं आज.

चहावर साय धरली.
धुरीनं चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
मी उगाच तबकडीचं पाकीट सारखं करत बसले.

मग फॉस्टिन खाकरला,
‘हे रेकॉर्डिंगच दुसरं. यात चेलो कुठाय?’

चेलो होता.
सगळ्यांना ऐकू आला होता.
‘तरीच!’ धुरी म्हणाला,
आणि त्यानं सुई
ओरखड्याच्या जरा अलीकडे ठेवली.