मापवही

मुलुंडला, एल.बी.एस. रोडला लागून,
गंगर फर्निशिंगमध्ये मी मापं घेतो.
खिडकीची रुंदी, दांडीची उंची, खाली किती बोटं सोडायची,
एवढंच माझं शिक्षण.
बावीस वर्षांत टेपचं पत्र्याचं टोक झिजलंय,
पहिला अर्धा इंच मनानेच धरावा लागतो.

पेपरात येतं, घरं तेजीत आहेत.
धीरजशेठ ती ओळ मोठ्याने वाचतात
आणि पेपर घडी करून गल्ल्याखाली सारतात.
गल्ल्यात त्या दिवशी
दोन उशांचे अभ्रे आणि एक पायपुसणं.

तेजी मला वहीत दिसायची.
गणपतीच्या आधी पानं पुरायची नाहीत:
बी विंग, तिसरा मजला, नववा,
लिफ्ट चालू झालेली नसायची, जिन्याने जायचो,
फरशीवर सिमेंटचे थेंब, न्हाणीघरात रंगाऱ्याची चप्पल,
आणि घरची बाई मधोमध उभी राहून सांगायची,
इथे सकाळचं ऊन येतं बरं का, जरा जाड कापड दाखवा.
हॉल, बेडरूम, सोफ्याची खोळ,
देव्हाऱ्यापुढे दीड फुटाचा पडदा, तो फुकट.

यंदा आषाढ ते आश्विन मिळून चार पानं.
त्यातही दोन ठिकाणी:
जुनेच उतरवून नव्या खिडकीला बसवून द्या.

समोर, कंपनीच्या जागेवर, बेचाळीस मजले उभे राहिलेत.
सगळं विकलं गेलं म्हणतात.
रात्री शटर ओढताना मी मोजतो,
सवयच आहे, काहीतरी मोजायची.
दिवा असलेल्या खिडक्या एकोणीस.
पडदा असलेल्या अकरा.
बाकीच्या काचांना निळं प्लास्टिक अजून चिकटलेलं.
विकलं गेलेलं आणि वसलेलं,
यांतलं अंतर कुठल्या टेपने घ्यायचं
ते मला कुणी शिकवलं नाही.

इश्तियाक मास्टर दुपारी मशीनला तेल घालतो.
काम नसलं तरी घालतो.

गेल्या गुरुवारी एक मुलगा आला, हातात लेसर.
लाल ठिपका भिंतीला टेकवला, आकडा टिपला, निघाला.
शेठ म्हणाले, सहज बोलावलं होतं.
मी काही विचारलं नाही.
पण दुकानाची लांबी मला पाठ आहे,
त्याने टिपली त्यापेक्षा दीड फूट जास्त.
माळ्याखालचा कोनाडा त्याच्या ठिपक्याला दिसला नाही.

त्या कोनाड्यात एक पिशवी होती:
शेजवलकर, सात-शून्य-तीन.
मोरपंखी पडदे, अस्तर लावून, पैसे चुकते.
माप नकाशावरून घेतलेलं, समोर तेव्हा नुसता खड्डा होता.
दिवाळीला ताबा, म्हणाल्या होत्या वैजयंतीबाई.
कुठली दिवाळी ते बिल्डरने सांगितलं नव्हतं.
चार पाडवे त्यांचा फोन आला:
आहेत ना हो? उंदीरबिंदीर नाहीत ना?
भाडंही भरतोय, हप्ताही भरतोय,
पडदे तेवढे सांभाळा.
दर उन्हाळ्यात मी काढायचो, झटकायचो,
कडुनिंबाचा पाला बदलायचो.

परवा त्या आल्या. हातात किल्ली.
पेढे नंतर, म्हणाल्या, आधी चला.
गेलो. टेप लावला. पुन्हा लावला.
छत नकाशातल्यापेक्षा सात इंच खाली आलेलं.
पडदा फरशीवर लोळत राहिला,
आजोळी आलेल्या पोरासारखा.
मास्टरने कात्री काढली.

कापू नका, बाई म्हणाल्या.
दुमडा. आत राहू दे.
पुढेमागे...
आणि वाक्य तिथेच ठेवलं.

मास्टरने सात इंच आत घेतले, मोठा टाका घातला,
उसवता येईल असा.
मी वहीत लिहिलं: सात-शून्य-तीन, दुमड, शिवणावळ ऐंशी.
शेठनी बिल फाडलं नाही.

रात्री शटर अर्धं ओढून मोजलं.
दिवे अठरा.
पडदे बारा.