उन म्हणजे काय, बाई?

बासष्ट वर्षं ही भाषा मी श्वासासारखी वापरली,
भाग मोजले नाहीत.
मग गोदीतले हे पाहुणे आले,
ओक्पोत, मासळीच्या दुकानावरच्या खोलीत,
दर मंगळवारी सात वाजता,
अंगाला ओल्या रंगाचा वास, हातात इंग्रजी पुस्तक.
त्यातून मला कळलं
की मी आयुष्यभर 'विषयदर्शक प्रत्यय' लावत आले आहे.
शेजारच्या ग्वाक बाईंना सांगितलं.
त्या म्हणाल्या, डॉक्टरला दाखवलंस?

मोराग विचारते, निळा हे विशेषण की क्रियापद?
पुस्तक म्हणतं, वर्णन करणारं क्रियापद.
मी म्हणते, आमच्याकडे समुद्र निळा नसतो गं,
समुद्र निळावतो.
काल निळावला होता.
उद्या निळावेल का, ते वाऱ्याला विचार.
ती खिडकीतून बघते. अंधार, क्रेनचे दिवे,
काहीच निळावत नाहीये.
तरी लिहून घेते.

लहानपणी एका हट्टी मास्तरांनी
व्याकरणाची जुनी घरगुती नावं शिकवली होती:
नाम म्हणजे नावाचं बी,
क्रियापद म्हणजे हलणारं बी,
विशेषण म्हणजे चित्राचं बी.
परीक्षेत ती लिहिली की गुण जायचे.
मी फळ्यावर लिहिली. इथे परीक्षा नाही.

आणि क्रियापदाच्या टोकाला जे येतं, ते ऑमी.
वासराची आई, तीही ऑमीच.
ग्विलिम म्हणाला, म्हणजे शेवटचा शब्द आईचाच!
दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही,
हे मी त्याला सांगितलं नाही.

'गा' कुठे आणि 'नुन' कुठे, यावर तीन मंगळवार गेले.
मी दोन पत्रे काढले, मधे वेल्डिंगचा जोड.
जोड तपासणं हा त्यांचा धंदा, माना हलल्या.
पण हाच जोड का, तो का नाही,
ते मला तरी कुठे ठाऊक?
मला चूक टोचते. नियम दिसत नाही.

मग एकदा तामुनो उशिरा आला.
पोर्ट हारकोर्टचा, मोठ्या आवाजाचा माणूस,
त्या दिवशी आवाजच नव्हता.
त्याचं जहाज चाचणीत नापास झालं होतं.
म्हणाला, सूपवाली आजी ओरडली, 'बाबुन मॉगॉस्सॉ?'
भात हे कर्म. कर्माला 'उल' लागतो.
तिने 'उन' लावला. चुकली का ती?

चुकली नाही, मी म्हणाले.
'उल' लावला असता तर तिने जेवणाचं विचारलं असतं.
'उन' लावून ती म्हणाली,
जहाजाचं जाऊ दे मेल्या,
भात तरी पोटात गेला ना?

तो बराच वेळ पुस्तकाकडे बघत राहिला.
मोरागने मान खाली घालून लिहिलं: उन = तरी.
आणि विचारलं, मग उत्तरातही 'उन' आला तर?
कुणी म्हणालं, 'बाबुन मॉगॉस्सॉ',
प्रश्न न करता, नुसतंच?

मी तोंड उघडलं. खडू हातात.
कॅल्गरीला माझी मुलगी आहे, सोल-ही.
दर रविवारी मी विचारते, जेवलीस?
दर रविवारी ती म्हणते, बाबुन.
भात तरी खाल्ला, आई.
किती महिने झाले, मोजते आहे.
मला वाटायचं, जेवली. बरं झालं.
मी फोन ठेवून भांडी घासायला जायचे.

वर्ग वीस मिनिटं आधी सोडला.
खाली बर्फात बांगडे मांडून ठेवलेले.
कॅल्गरीत पहाटेचे साडेचार.
फोन हातात घेतला, परत ठेवला, परत घेतला.
'उन'च्या पुढे काय विचारायचं
ते पुस्तकात नाही.