सेकंड माल

गाडी घेतली तेव्हा डिकीत
एका डॉक्टरांचा स्टेथोस्कोप सापडला, रबर चिकट झालेला.
मारुती आठशे, सत्त्याण्णवची.
अडतीस मागत होते, मी एकतीस हजार दिले
आणि दोन डझन टॉवेल.
खाजाभाई नदाफ म्हणाला, काय करलालास बे,
ह्यात तुझं लग्न झालं असतं.
असं म्हणाला आणि त्याच रात्री बॉनेटखाली गेला
तो मार्चमध्येच बाहेर आला.

मागची सीट काढली, शेजारची काढली,
काचा, हॉर्न, दाराच्या आतला पुठ्ठा –
सगळं वजन.
जसजशी हलकी झाली तशी गाडी बोलायला लागली.
अक्कलकोट रोडचा प्रत्येक खडा
वेगवेगळा ऐकू यायचा.
माझ्या सीटवर फक्त चादर ठेवली,
मीच विणलेली, मोराची मान चुकलेली,
म्हणून सेकंडमध्ये निघालेली.

हिशेबाची वही अनसूयेकडे.
माझी बहीण रुपयात मोजत नाही.
एक जुना टायर: साडेचार हजार विड्या.
कार्बोरेटरचं किट: पाच हजार.
हेल्मेट, उसनं: तिथे नुसती रेघ.
एंट्री फी लिहायला घेतली आणि थांबली.
त्या पानावर तंबाखूचा चुरा आहे अजून,
आकडा नाही.

कुंभारीच्या पुढे, माळावर, चुन्यानं आखलेला ट्रॅक.
मे महिना. पत्रा शिवता येत नव्हता.
पुण्याच्या गाड्या गाडीत बसून आल्या होत्या,
आमची आपल्या पायानं आली.
त्यांच्याकडे छत्र्या, बर्फाची पेटी,
आमच्याकडे कडक भाकरी, शेंगाचटणी
आणि पीटीच्या सरांचं स्टॉपवॉच.

पहिली फेरी. ड्रमला वळसा घालताना
हँडब्रेक ओढला आणि मागची चाकं
आपण होऊन आली, बोलावल्यासारखी.
एक मिनिट अठ्ठावीस.
फळ्यावर तिसरं नाव माझं, बोल्लीचं बोल्ले करून.
वीस मिनिटं आम्ही तिसरे होतो.
त्या वीस मिनिटांत खाजाभाईनं चहा मागवला,
साखर जास्त सांगून,
आणि अनोळखी माणसाला इंजिन समजावून सांगितलं.

दुसऱ्या फेरीत आवाज बदलला.
धोटा अडकायच्या आधी अर्धा क्षण
मागाचा बदलतो, तसाच.
मला कळलं. काटा बघायची गरज नव्हती.
पाय उचलायला पाहिजे होता.
मागावर मी उचलतो,
तिथे सूत मालकाचं असतं.

नंतर पांढरी वाफ, आणि शांतता,
आणि डिपस्टिकवर ऑइल
मघाच्या चहाच्या रंगाचं.
गॅस्केट गेलं, खाजाभाई म्हणाला,
घरातलं कुणीतरी गेल्यासारखा, टोपी काढून.
धक्का मारायला पुण्याचा एक पोरगा आला.
त्याचे बूट पांढरे होते, येताना.

दुधाच्या टेम्पोनं ओढून नेलं.
दोरी पहिल्याच चढाला तुटली,
मग चादर पिळून बांधली.
मोर पार दिसेनासा झाला,
पण ती तुटली नाही.
ताशी पंधराच्या वेगानं आम्ही घरी निघालो.
सायकलवाले मागे वळून बघत होते.
एका म्हाताऱ्यानं हात केला,
त्याला वाटलं जागा आहे.

अनसूया शेजारी, उलट्या डब्यावर बसलेली.
मांडीवर स्टॉपवॉच. बंदच केलं नव्हतं तिनं.
एक तास बावन्न.
करू का बंद?
राहू दे, म्हटलं, घर यायचंय अजून.

पुढून, टेम्पोच्या हौद्यातून
खाजाभाई कॅनवर हात आपटत ओरडला:
हेड घासून घेऊ! सातशेत होतंय!

साडेतीन हजार, अनसूया पुटपुटली.
धूळ आत येत होती म्हणून
काच वर करायला तिनं हात नेला,
आणि तिथे काहीच नव्हतं.