एक वीत, चार बोटं

उद्यमनगरात लेथपुढं एकतीस वर्षं उभे राहिलेले आप्पा
आज गच्चीवर मांडी घालून
जुन्या अँटेनाच्या काड्या कापतायत.
छत्रीचं रिचार्ज संपलंय, आणि त्यांच्या मते ते संपलेलंच बरं.

"एवढी लांब कशाला आता?
लाट आखूड झाली, काडी आखूड पायजे."
लाटेच्या निम्मी.
मापाला पट्टी घेत नाहीत, पंजा पसरतात:
एक वीत, चार बोटं.

सगळ्यांत मागं लांब काडी, ती पाठराखण.
तिच्यापुढं वाकवून मिटवलेली, जिच्यातनं वायर निघते.
मग एकेक आखूड होत गेलेल्या,
तालमीत पोरं उंचीनं उभी करावीत तशा.
ऐकणारी त्यांत एकच.
बाकीच्या, तिला नीट ऐकू यावं म्हणून.

"ही डिजिटल अँटेना म्हणायची का, आप्पा?"
मला दोनदा विचारावं लागतं. मग हसतात.
"काडीला काय ठावं डिजिटल!
वरनं चित्र आलं काय, आकडे आले काय,
तिच्या अंगावर काटा तेवढाच.
एक का शून्य, ते खाली डब्यानं बघायचं."

मी सात वर्षांची असताना
आप्पा इथंच वर, आई दारात, मी टीव्हीपुढं.
आलं?
मुंग्या!
आता?
थोडं थोडं!
आता बघ की!
दोन-दोन बायका दिसतायत!

पाण्याच्या टाकीवर आपटून एक लाट उशिरा पोचायची,
आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या शेजारी
आणखी एक फिकट बाई, तेच ओठ, तेच कुंकू.
आई म्हणायची, आली बघ हिची जाऊ,
आता ही काय धड बोलू देत नाही.

नवा डबा उशिरा येणारीसाठी जरासा थांबतो,
मगच मोजायला घेतो.
जाऊबाई गेल्या.
त्यांना नावं ठेवणारीही.

आप्पांचे कान लेथनं खाल्ले.
मी म्हणते, चहा गुळाचा करू का साखरेचा,
त्यांच्यापर्यंत पोचतं, हा ळाचा रू,
आणि ते बरोब्बर म्हणतात, गुळाचा.
मधली भोकं ते स्वतःच बुजवतात,
चाळीस वर्षांच्या ओळखीवर.
वरनंही म्हणे आकड्यांबरोबर
थोडे जादाचे आकडे पाठवतात,
वाटेत गळालेल्यांचा हिशोब लागावा म्हणून.

पण ते एका हद्दीपर्यंत.
हद्दीच्या आत सगळं लख्ख,
धुतलेल्या परातीसारखं.
हद्दीवर चेहऱ्याचे चौकोन,
हनुवटी कपाळावर.
आणि पलीकडं काळं. मुंग्यासुद्धा नाहीत.
'थोडं थोडं' हा शब्द
या डब्याला शिकवलेलाच नाही.

गेल्या मंगळवारी मी हाक मारली, आप्पांनी वळून बघितलं
पूर्ण लख्ख,
आणि विचारलं,
"कोण पायजे?"
मग लगेच हसले. चेष्टा केली म्हणाले.

आता मी वर, ते खाली टीव्हीपुढं.
ओरडून उपयोग नाही, त्यांना मी ऐकू जात नाही
आणि जिन्यातनं त्यांचा आवाज वर चढत नाही.
म्हणून ठरलंय:
खिडकीतनं हात काढून ते पाइपवर पक्कड मारणार.
एक ठोका, नाही.
दोन, आलं.

मी पाइप धरून बोटभर फिरवते.
एक.
आणखी बोटभर, टाकीला बगल देऊन.
एक.
गंगावेशीकडनं म्हशी परत निघालेल्या, खुरांचा आवाज,
कुणाच्या तरी कुकरची शिट्टी.
अर्धं बोट.
तळव्याखाली पाइप शहारतो.
एक.
दोन.

मी सोडणार, तोवर
तीन.

तिसऱ्याचं काही ठरलं नव्हतं.