प्लॉट नंबर एकसष्ट

वाट म्हणावी एवढी ती रुंद नव्हतीच.
एका शेळीपुरती. दुसरी आली
तर तिनं मागून यायचं.
माझं टायर सव्वादोन इंचाचं,
मला पुरायची.

वलवाडीच्या पुढं, शेवटच्या डीपीमागून
ती बोरींत शिरायची,
हिवराच्या मुळावर एक हिसका द्यायची,
मग मुरमाच्या उतारावर अशी वळायची
की ब्रेक दाबला तर पडणार,
नाही दाबला तर कदाचित नाही.
त्या कदाचितसाठी मी पाचला उठायचो.

सव्वा किलोमीटर. मोजलीय.
अख्ख्या देवपुरात सायकलवरून
मनासारखं पडता येईल अशी एवढीच जागा.
बाकीचं पडणं डांबरावरचं, डंपरपुढचं,
त्यात कदाचित नसतं.

हर्षाली बडगुजर यायची, बारावी सायन्स,
भावाची सायकल, सीट खाली ओढलेली.
हिवरापाशी दोन्ही चाकं उचलायची
आणि खाली येताना ओरडायची नाही.
मी चाळीस वर्षांचा, आयटीआयचा मास्तर, ओरडायचो.
क्लासला ती मोज्यांत कुसळं घेऊन बसायची.

मग पोकलेन आलं.
चुन्याच्या रेघा आल्या, तीस फुटी, चाळीस फुटी,
सगळे रस्ते एकमेकांना काटकोनात,
जणू जमिनीला कधी उतार नव्हताच.
कमानीवर नाव: हिरवाई पार्क.
बोरी गेल्या, त्या नावासाठी जागा लागली असेल.

मी अर्ज केला महापालिकेत.
विषय: सायकलीसाठी एक कच्ची अरुंद वाट राखणेबाबत.
साहेबांनी दोनदा वाचला.
"कच्ची? अरुंद? अहो, पक्की मागा, रुंद मागा,
लोक उलटं मागतात!"
आणि दिली त्यांनी. ओपन स्पेसमध्ये,
पेव्हर ब्लॉकची, गोल, दोनशे मीटर,
मध्ये कचरा खाणारा सिमेंटचा ससा,
आणि फलक:
येथे सायकल चालवू नये.

आता रविवारी लळिंगकडे जातो.
पुढचं चाक काढायचं, सायकल गाडीत आडवी घालायची,
सगळं गाव ओलांडायचं, हायवे ओलांडायचा.
सायकल चालवायला आधी गाडी चालवायची.
हर्षालीकडे गाडी नाही.
ती आता स्कूटीवर दिसते,
वळणावर थोडी जास्तच कलते.

सुका ठेलारी भेटला कंपाउंडपाशी, शेळ्यांसह.
म्हटलं, तुमचीही वाट गेली.
तो हसला. "वाट काय कोनी बनाडस नही भाऊ.
वाट पडस. रोज जावानं, मंग पडस."
आणि शेळ्या भिंतीला धरून निघाल्या,
एकीमागे एक.

हे सगळं मी तक्रारीच्या सुरात सांगतोय
आणि एक गोष्ट मागं ठेवलीय.
प्लॉट नंबर एकसष्ट माझा आहे.
सोसायटीचं कर्ज, प्रमिलाच्या बांगड्या,
चाळीस बाय पन्नास.
बुकिंगच्या दिवशी नकाशावर बोट ठेवलं
तेव्हा मला ठाऊक होतं
त्या बोटाखालून काय जातं.
एजंट म्हणाला, पूर्वमुखी आहे.
मी म्हटलं, हो, माहितीय.

प्रमिला म्हणते, कंपाउंड तरी घालून घ्या,
लोक वाळू टाकतात, मार्किंग सरकवतात.
बरोबर आहे तिचं.
गवंडी बघितलाय. विटा बघितल्यात.

पण परवा पहाटे गेलो होतो.
दोन्हीकडच्या प्लॉटांत पाया खोदलाय,
माझ्यात अजून ती आहे,
एका कोपऱ्यातून शिरते, जरा डावीकडं वाकते,
जिथं स्वयंपाकघर येणार तिथून बाहेर पडते.
चाळीस फूट.
धुळ्यातली बहुतेक शेवटची,
सातबाऱ्यासकट माझ्या मालकीची.
चालवायला तीन सेकंद लागतात.

मी सायकल उचलून परत मागं नेली,
पुन्हा चालवली.
पुन्हा नेली.
सहाच्या सुमाराला वॉचमननं हटकलं,
"काय हरवलं का, सर?"
त्याच्या मागं, भिंतीच्या पलीकडून
घंटा वाजत चालल्या होत्या.
म्हटलं, गवंड्याला माप द्यायचंय,
दीड फुटाची फट कुठं सोडायची ते बघतोय.
"गेट?"
नाही, म्हटलं. फट.